उंची, श्वास आणि सबुरी



एखाद्या थोर व्यक्तीच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य किंवा समाजकारण यांतला विषय घ्यावा अशी आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. ती मोडून मी आज मनुष्यदेहाच्या एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहे, तेव्हा हा गृहस्थ वाट चुकून या व्यासपीठावर आला की काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर तिचा मी रागही मानणार नाही. प्रश्न असा, की समुद्रसपाटीपासून दहा, पंधरा, वीस हजार फूट वर गेल्यावर मनुष्याच्या शरीराचे काय होते. ते तेथे कसे तग धरते. आणि कधी कधी, धडधाकट असूनही, का तग धरीत नाही?

सातारा आणि सांगली येथल्या माणसांना या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की महाराष्ट्रात कोणाला कर्तव्य असेल तर ते प्रथम आपल्याला आहे. १९४९ पर्यंत बऱ्याच अंशी एकाच सातारा जिल्ह्यात नांदलेला हा मुलूख पिढ्यानपिढ्या पलटणींना माणसे पुरवीत आला. मिलिटरी अपशिंग्यासारखे गाव याच मातीतले. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली तीही याच साताऱ्यात. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील घराघरांत लेहचा, कारगिलचा, सियाचेनचा उल्लेख शेजारच्या गावाचा करावा तितक्या सहजपणे होतो. समोरच्या रांगेत मला निवृत्त सुभेदार आणि हवालदार बसलेले दिसतात. मी पुस्तकातून जे शिकलो ते त्यांनी स्वतःच्या फुप्फुसांनी शिकलेले आहे, आणि कोठे मी चुकलो तर त्यांनी व्याख्यानानंतर माझी हजेरी अवश्य घ्यावी.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. उंचावर हवेत प्राणवायू कमी असतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः हवेतले प्राणवायूचे प्रमाण सांगलीच्या कृष्णाकाठी जेवढे, तेवढेच एव्हरेस्टच्या माथ्यावर असते: शंभरात सुमारे एकवीस भाग. कमी होतो तो हवेचा दाब. कडब्याच्या गंजीत तळाच्या पेंढ्या वरच्यांच्या भाराने दडपून घट्ट बसतात आणि माथ्यावरच्या सैल राहतात, तसेच वातावरणाचे आहे. आपण सारे या गंजीच्या तळाशी राहतो. समुद्रकिनारी पाऱ्याचा स्तंभ ७६० मिलिमीटर उभा राहतो, साताऱ्यात तो सातशेच्या आसपास येतो, महाबळेश्वरी साडेसहाशेच्या, लेहमध्ये पाचशेच्या. साडेपाच हजार मीटरवर, म्हणजे अठरा हजार फुटांवर, निम्मा उरतो. आणि एव्हरेस्टच्या शिखरावर १९८१ साली जेव्हा तो प्रत्यक्ष मोजण्यात आला, तेव्हा तो २५३ भरला. म्हणजे तेथे एका श्वासात छातीत जाणारा प्राणवायू येथल्या श्वासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. हवेला वजन आहे आणि डोंगर चढले की ते घटते, हे पास्कलच्या मेहुण्याने १६४८ साली फ्रान्समधल्या एका डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन सिद्ध केले होते. परंतु हे घटलेले वजन माणसाच्या जिवावर कसे बेतते याची रुजुवात व्हायला आणखी सव्वादोनशे वर्षे लागली.

ती रुजुवात मोठी भयंकर झाली. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच गृहस्थ आकाशात चढले. पॉल बेर या शरीरशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्यांनी सोबत प्राणवायूच्या पिशव्याही घेतल्या होत्या. दोन-अडीच तासांत बलून आठ हजार मीटरच्या वर गेले. पिशव्या डोक्याशी टांगलेल्या होत्या, नळ्या हाताच्या अंतरावर होत्या. पण त्या घ्याव्यात असे वाटेपर्यंत हात उचलण्याची शक्ती उरली नव्हती. बलून खाली आले तेव्हा सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली हे दोघे मरण पावलेले होते. वाचलेल्या तिसांदिएने जे लिहून ठेवले ते आपण नीट लक्षात घ्यावे: त्या क्षणी वेदना नव्हती, भीती नव्हती, उलट एक प्रकारचे समाधान वाटत होते. प्राणवायूची वाण पडली की पहिला बधिर होतो तो मेंदू, आणि धोक्याची वर्दी देण्याचे काम तर त्याच्याकडेच सोपविलेले! उंचावर आजारी पडलेला माणूस 'मला काही झालेले नाही' असे छातीठोकपणे सांगतो तेव्हा त्याच्यावर विश्वास का ठेवू नये, याचे कारण हे आहे.

आता याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवून पाहा. ८ मे १९७८ रोजी मेस्नर आणि हाबेलर हे दोघे गिर्यारोहक प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले आणि जिवंत परतले. बलूनमधील दोघे जेथे मेले, त्याहूनही ही जागा उंच. मग बलूनवाले का मेले आणि गिर्यारोहक का जगले? हवा तीच, मनुष्यदेह तोच. अंतर होते ते केवळ काळाचे: बलून काही तासांत चढले, गिर्यारोहक कित्येक आठवड्यांत. त्या आठवड्यांत शरीर आत काय करीत असते, हे आज मला सांगावयाचे आहे. आणि त्यातून निघणारा माझा निष्कर्ष आताच सांगून टाकतो, म्हणजे आपल्याला वाट पाहावी लागणार नाही. उंचीशी व्यवहार करताना बळ फारसे कामाला येत नाही. कामाला येते ती सबुरी.

प्रथम आपल्या घरच्या उंचीविषयी दोन शब्द. महाबळेश्वर साडेचार हजार फूट, पाचगणी त्याहून थोडी खाली. तेथे गेल्यावर आपल्याला हुशारी वाटते, भूक लागते, झोप चांगली लागते. ते सारे थंडाव्याचे आणि कामातून मोकळीक मिळाल्याचे फळ आहे. रक्तातील तांबड्या द्रव्याचा स्वभाव असा, की हवेचा दाब थोडाफार उतरला तरी ते आपली प्राणवायूची भरती जवळजवळ पुरी करून घेते. त्याची तूट जाणवू लागते ती आठ हजार फुटांच्या पुढे. म्हणून महाबळेश्वरी कोणाला उंची लागल्याचे आपण ऐकत नाही. कळसूबाई हा महाराष्ट्राचा माथा, पण तोही साडेपाच हजार फुटांच्या अंमळच खाली. तात्पर्य, शरीरशास्त्राच्या दृष्टीने सबंध सह्याद्री हा सखल प्रदेशच ठरतो. हे विधान सातारकरांच्या अभिमानाला रुचणार नाही याची मला जाणीव आहे. पण यवतेश्वरचा घाट धावत चढणाऱ्या पोटऱ्या चढाच्या कामाच्या, विरळ हवेच्या नव्हेत.

पाचगणीचा उल्लेख आला तेव्हा थोडे आडवळण घेतो. जुन्या काळी क्षयाला औषध नव्हते, आणि डॉक्टर मंडळी हवापालट सांगत. १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी पाचगणीला बेल-एअर आरोग्यधाम काढले. इकडे सांगली आणि मिरज यांच्या मध्ये मिशनच्या डॉक्टरांनी वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. एक साडेचार हजार फुटांच्या जवळपास, दुसरे अठराशे फुटांवर. विरळ हवेनेच रोगी बरे होत असते, तर वानलेसवाडीचे खाटले कोणी धरले असते? दोन्हीकडे रोग्याला मिळत होते ते मोकळी कोरडी हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती. स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर डोंगरावरच्या हवेचा हा दबदबा बराच ओसरला. मात्र तेथील डॉक्टरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: शरीराला वेळ दिला पाहिजे. ती आपण पुढे घेऊन जाऊ.

समजा, आपल्यापैकी कोणी सकाळी दिल्लीहून विमानात बसला आणि तासा-सव्वा तासात लेहला, साडेअकरा हजार फुटांवर, उतरला. मानेत, डोक्याकडे जाणाऱ्या धमनीला जेथे दोन फाटे फुटतात तेथे, दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी एकेक चौकी आहे. रक्तातील प्राणवायू मोजणे हे तिचे काम. श्वासाच्या नियमनातला तिचा वाटा दाखविल्याबद्दल हेमान्स या बेल्जियन शास्त्रज्ञाला १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राणवायू उतरताच या चौकीवरून मेंदूला निरोप जातो: श्वास वाढवा. श्वास लगेच खोल आणि जलद होतो. येथपर्यंत सर्व ठीक.

पण श्वास वाढला की छातीतून कर्बवायूही अधिक बाहेर पडतो. कर्बवायू आपण टाकाऊ समजतो. परंतु रक्ताची आम्लता सांभाळण्याचे काम त्याच्याकडे आहे, आणि मेंदूतील श्वसनकेंद्र प्राणवायूपेक्षा त्याच्याच हुकमाने अधिक चालते. तो घटला, रक्त अल्कधर्मी झाले, की हे केंद्र उलटा हुकूम सोडते: श्वास आवरा. एका अंमलदाराने वाढवा म्हणावे, दुसऱ्याने आवरा म्हणावे, आणि मधल्या शिपायाने दोघांचे ऐकावे, अशी ही अवस्था. रात्री झोपेत तर तिचे स्पष्ट दर्शन होते. झोपलेला माणूस काही खोल श्वास घेतो, मग श्वास उथळ होतो, मग काही सेकंद अजिबात थांबतो. शेजारी जागा असलेला सोबती घाबरून त्याला हलवू पाहतो, तोच तो दचकून पुन्हा मोठा श्वास घेतो. लेहमध्ये पहिल्या रात्री ज्यांनी हे अनुभवले असेल त्यांना मी सांगतो, की तो हृदयाचा विकार नव्हे. दोन हुकमांचा तंटा आहे.

हा तंटा मिटवितो कोण? मूत्रपिंड. रक्तातील जास्तीचा क्षार ते हळूहळू मूत्रावाटे काढून टाकते, रक्ताची आम्लता पूर्वपदावर येऊ लागते, आणि श्वसनकेंद्राने लावलेला अटकाव सैल पडतो. मग श्वास खुशाल वाढतो, दिवसागणिक वाढत जातो. पण मूत्रपिंडाचे खाते मोठे सावकाश. त्याला काही तास पुरत नाहीत, काही दिवस लागतात. डोंगरावर जाणारे लोक ॲसिटाझोलामाइड नावाची जी गोळी घेतात ती एवढेच करते: मूत्रपिंडाला त्याचे हेच काम जरा लवकर उरकायला लावते. ती उंचीची लस नव्हे, आणि ती घेतली म्हणून वाटेल तितके वेगाने चढण्याचा परवाना मिळत नाही. ज्यांचे मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुस दुबळे आहे त्यांनी तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय हाती धरू नये.

एव्हरेस्टच्या माथ्यावर हा श्वासाचा कारभार कोठवर जातो, हे ऐकून आपण थक्क व्हाल. आपल्या फुप्फुसांत कर्बवायूचा दाब चाळीस मिलिमीटर असतो. १९८१ च्या मोहिमेत शिखरावर जो मोजला गेला तो साडेसात भरला. इतका प्रचंड श्वास माणूस घेत राहतो, म्हणून तेथे तो जिवंत राहतो. २००७ साली ब्रिटिश डॉक्टरांनी माथ्याजवळ, ८४०० मीटरवर, तंबूत बसून एकमेकांच्या मांडीतील धमनीतून रक्त काढले. त्यातील प्राणवायूचा दाब येथल्या निरोगी माणसाच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढा निघाला. मिरजेच्या एखाद्या इस्पितळात असा आकडा दिसला तर रोग्याला तत्काळ यंत्रावर घेतील. हे डॉक्टर मात्र तेथे बोलत होते आणि हिंडत होते.

रक्ताविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी आपण बरेच वाचलेले असते. १८९० साली व्हियो नावाचा फ्रेंच माणूस पेरूच्या खाणीच्या गावी गेला आणि आपल्या रक्तातील तांबड्या पेशी तीन आठवड्यांत वाढल्याचे त्याने मोजून दाखविले. मूत्रपिंडातून निघणारा एक स्राव हाडांच्या पोकळीतल्या मगजाला पेशी वाढविण्यास सांगतो. आणि पेशींना प्राणवायूची तूट कळते कशी, या मुळाच्या प्रश्नाचा उलगडा करणाऱ्या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र येथेही घाई नाही: स्राव काही तासांत वाढतो, पेशी तयार होऊन रक्तात यायला आठवडे लागतात. शिवाय अधिक म्हणजे उत्तम असेही नाही. अँडीज पर्वतातील काही रहिवाशांचे रक्त वर्षानुवर्षांच्या वास्तव्याने इतके दाट होते, की डोके दुखते, ओठ निळे पडतात आणि हृदय थकते. खाली आणले की ते बरे होतात. ज्या उपायाने जीव वाचतो तोच बेसुमार झाला की व्याधी ठरतो.

हे सूत्र फुप्फुसांत सर्वांत क्रूरपणे दिसते, आणि येथे मला आपल्या मुलखाचा इतिहास आठवतो.

फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा एक विलक्षण गुण आहे. शरीरात इतरत्र प्राणवायू कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसांत त्या आवळतात. येथे खाली हे मोठे शहाणपणाचे आहे. समजा, न्युमोनियाने फुप्फुसाचा एक कोपरा भरून गेला. तेथे हवा नाही, तर तेथे रक्त पाठवून काय उपयोग? वाहिन्या आवळतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. पण उंचावर प्राणवायू एका कोपऱ्यात कमी नसतो, सगळीकडेच असतो. मग सबंध फुप्फुस आवळते, कोठे फार, कोठे थोडे. जेथे थोडे, तेथे साऱ्या रक्ताचा लोंढा येऊन आदळतो, केशवाहिन्यांना तो दाब सोसवत नाही, आणि रक्तातील पाणी हवेच्या पोकळ्यांत झिरपू लागते. कोरडा खोकला, विश्रांतीतही धाप, मग गुलाबी फेस. यालाच उंचीवरील फुप्फुसशोथ म्हणतात. धडधाकट पंचविशीतला माणूस, ज्याला आदल्या दिवशी कोणी कुस्तीत चीत करू शकला नसता, तो एका रात्रीत स्वतःच्या छातीतल्या पाण्यात बुडतो. बळकट माणसाला धोका अधिक का? कारण बळकट माणूस थांबत नाही. थकलेला माणूस मागे राहतो आणि नकळत वाचतो.

१९६० पर्यंत या विकाराला बहुतेक ठिकाणी न्युमोनियाच समजत. मग चीनशी युद्धाचे, १९६२ चे ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडले. मैदानी छावण्यांतील पलटणी काही दिवसांत, कधी काही तासांत, लडाखच्या आणि ईशान्य सीमेच्या उंचीवर चढविल्या गेल्या. अपुरे कपडे, अपुरी रसद आणि उंचीची सवय होण्यासाठी एकही दिवस नाही. शत्रूच्या गोळीखेरीज आणखी एक शत्रू जवानांच्या छातीतच दबा धरून होता. त्याच नोव्हेंबरात, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि कऱ्हाडला आपले मानणारे यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीने संरक्षणखात्याची सूत्रे हाती घेण्यासाठी बोलाविले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा मोठ्या कौतुकाने म्हटले गेले. ते म्हणणे खरेही होते. पण सह्याद्रीने धावत जाऊन हिमालयावर चढू नये, एवढे शहाणपण मात्र त्या वर्षीच्या अनुभवाने शिकविले.

त्यानंतरच्या वर्षांत भारतीय लष्कराच्या डॉक्टरांनी या विषयात जे काम केले, ते जगाच्या वैद्यकात मानाने उल्लेखिले जाते, आणि आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला माहीत नाही. इंद्रसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये फुप्फुसशोथाविषयी आणि १९६९ मध्ये एकूणच उंचीच्या विकाराविषयी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली; या दुसऱ्या लेखात १९२५ जवानांचा वृत्तांत आहे. इतक्या मोठ्या संख्येने माणसांना इतक्या झपाट्याने इतक्या उंचीवर नेण्याचा प्रसंग जगात त्यापूर्वी आलाच नव्हता. दुर्दैवाने मिळालेले ते ज्ञान होते. त्यांचे सर्वच उपाय पुढे टिकले नाहीत. लघवी वाढविणारी जी औषधे त्यांना गुणकारी वाटली, ती नंतरच्या डॉक्टरांनी बाजूला ठेवली. पण निरीक्षण टिकले: विकार बहुतेकदा वर गेल्यानंतर पहिल्या चार-सहा दिवसांत होतो, आणि जो जवान महिनोन् महिने वर राहून सरावलेला आहे, तो सुटीवर खाली येऊन परतला, की पुन्हा नवखा होतो.

हा शेवटचा मुद्दा आपल्या घरांसाठी फार महत्त्वाचा आहे. गावच्या जत्रेला किंवा बहिणीच्या लग्नाला महिनाभर आलेला मुलगा परत जातो, तेव्हा 'त्याला तेथली सवय आहे' असे आई मोठ्या विश्वासाने शेजारणीला सांगते. नाही, ती सवय त्याने येथल्या भाकरीबरोबर पचवून टाकलेली असते. म्हणून लष्कराने कायदा केला, आणि समोर बसलेल्या निवृत्त मंडळींना तो तोंडपाठ असेल: नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत आणखी चार, त्याच्या पुढे आणखी चार, पहिले दोन दिवस विश्रांती, मग थोडे चालणे, मग चढण, आणि लांब सुटीवरून परतणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. लष्करासारख्या घाईच्या खात्याने, जेथे एका तासाच्या विलंबाचा जाब द्यावा लागतो, तेथे चौदा दिवस सबुरीने काढण्याचा हुकूम काढला आहे. विज्ञानाने सत्तेला नमविल्याची याहून स्पष्ट उदाहरणे थोडीच सापडतील.

या बंदोबस्तामुळे पुष्कळ प्राण वाचले. सर्व धोके मात्र टळत नाहीत. बर्फाचा कडा कोसळला तर सवयीचा काय उपाय? ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनवर एकोणीस हजार फुटांच्या वरचे सोनम ठाणे हिमस्खलनाखाली गाडले गेले. त्या तुकडीतील बहुतेक जवान मद्रास पलटणीचे होते. त्यांच्यासोबत जो परिचारक तैनात होता तो सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचा शिपाई सुनील सूर्यवंशी. अशा ठाण्यावर डॉक्टर नसतो. सोबत्यांचा खोकला, डोकेदुखी, अडखळणारे पाऊल यांवर ज्याची पहिली नजर असते तो हाच परिचारक. आपण वीरांच्या यादीत बंदुकवाल्यांना आधी घेतो. हा माणूस औषधाची पेटी घेऊन तेथे उभा होता, एवढे या सभेत नोंदवून ठेवतो.

आतापर्यंत मी बोललो ते एका माणसाच्या सवयीविषयी. ज्यांच्या शेकडो पिढ्या पठारावर गेल्या त्यांचे काय? तिबेटी माणसाचे रक्त फार दाट असेल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते बहुधा आपल्या रक्ताहून फारसे दाट नसते. तो श्वास अधिक घेतो, त्याच्या वाहिन्यांतून रक्त अधिक मोकळेपणाने वाहते, आणि रक्त बेसुमार दाट होऊ न देणारा एक आनुवंशिक फरक त्याच्या अंगी आहे. २०१० मध्ये तो फरक सापडला, आणि चार वर्षांनी आणखी नवल निघाले: हा वारसा डेनिसोव्हा नावाच्या लुप्त झालेल्या मानवजातीकडून आलेला आहे. अँडीजच्या रहिवाशांनी तोच प्रश्न दाट रक्ताने सोडविला. एकाच परीक्षेची ही दोन निरनिराळी उत्तरे; आणि मला विचाराल तर तिबेटी उत्तर अधिक सफाईचे. पक्ष्यांनी तिसरे काढले. हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या रक्तद्रव्यात जे किंचित फेरफार झाले आहेत त्यामुळे ते विरळ हवेतूनही प्राणवायू हिसकावून घेते. जावळीच्या खोऱ्यात कितीही पिढ्या काढल्या तरी आपल्याला यांतले काही मिळालेले नाही, कारण तेथे त्याची गरजच नव्हती.

आणि सवयीलाही सीमा आहे. पृथ्वीवर पाच हजार मीटरच्या थोडे वर वस्ती आहे. साडेपाच हजारांच्या वर माणूस कायमचा राहत नाही. तेथे दिवस काढले तर शरीर सुधारत नाही, खचते: वजन उतरते, जखमा भरत नाहीत, झोप मोडते. म्हणूनच अष्टहजारी शिखरांवर जाणारे गिर्यारोहक तळावरून वर जातात, सामान ठेवतात, पुन्हा खाली येऊन झोपतात, आणि असे फेरे घालीत आठवडे घालवितात. शेवटची चढाई मात्र शक्य तितक्या लवकर उरकून परततात. आपल्या साताऱ्याची प्रियंका मोहिते हिने २०१३ मध्ये एव्हरेस्ट गाठले आणि पुढे ल्होत्से, मकालू, अन्नपूर्णा आणि २०२२ मध्ये कांचनगंगा. आठ हजार मीटरवरची पाच शिखरे सर करणारी ती पहिली भारतीय स्त्री. वर्तमानपत्रांत तिचे शिखरावरचे छायाचित्र छापून येते. त्याच्या मागे खाली उतरण्याचे, तंबूत पडून राहण्याचे, वाट पाहण्याचे जे दिवस असतात त्यांचे छायाचित्र कोणी काढीत नाही, आणि काढले तरी कोणी छापणार नाही.

आता शेवटचा भाग, आणि तो सर्वस्वी व्यवहाराचा आहे. पूर्वी या उंचीवर आपल्याकडून जात असे तो जवान. आता जाते ते कुटुंब. तासगावचा बागाईतदार द्राक्षांचा हंगाम आटोपून लेहला जातो, कोरेगावचे निवृत्त गुरुजी पत्नीसह साडेअकरा हजार फुटांवरच्या केदारनाथला हेलिकॉप्टरने काही मिनिटांत उतरतात. लष्कराने चौदा दिवस ठरविलेल्या गोष्टीला सहलीच्या पत्रकात एक दुपार दिलेली असते. दुसऱ्याच दिवशी मोटार खारदुंगला खिंडीत, सतरा हजार फुटांच्या वर, छायाचित्रासाठी. बहुसंख्य लोक यातून सुखरूप परततात, आणि हीच मोठी अडचण आहे; कारण त्यामुळे नियम खोटा वाटू लागतो.

तेव्हा माझी विनंती ही, की आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील सहलवाल्यांनी आणि गिरिभ्रमण मंडळांनी पत्रक छापताना लेहचे पहिले दोन दिवस कोरे ठेवावेत, आणि दहा हजार फुटांच्या पुढे झोपण्याची जागा रोज हजार-दीड हजार फुटांहून अधिक वर नेऊ नये. गिऱ्हाइकांनीही असे कोरे दिवस नसलेल्या सहलीला पैसे भरू नयेत. डोके दुखते, जेवण नको वाटते, एवढे झाले तर त्या दिवशी वर चढू नये. पाऊल दारू प्यायल्यासारखे अडखळू लागले, बोलणे असंबद्ध झाले, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता, आजाऱ्याची परवानगी न मागता, त्याला खाली आणावे. प्राणवायू आणि औषधे मिळाली तर वाटेत द्यावीत, पण त्यांच्यासाठी थांबू नये. हजार-दोन हजार फूट उतरले तरी बहुधा जीव वाचतो. ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना विकार आहे त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडे जावे, काढल्यानंतर नव्हे; आणि ज्या घरातला मुलगा येत्या आठवड्यात सुटी संपवून वर निघाला असेल, त्या घराने त्याला पोचल्याबरोबर कामगिरी दाखविण्याची घाई करू नकोस, एवढे निघताना अवश्य सांगावे.